गाडीची लाइट लागत नाहीये? बल्ब आणायला धावू नका, आधी हे बघा

गाडीची एखादी लाइट बंद पडली की आपण काय करतो, नवा बल्ब आणतो, बसवतो, लागला तर ठीक, नाही लागला तर फ्यूजच्या डब्यात डोकं घालतो आणि तिथेही काही कळलं नाही की गाडी सरळ गॅरेजला. मीपण बरीच वर्षं हेच केलं. मग एकदा मागच्या डाव्या बाजूला असा विचित्र प्रकार सुरू झाला की ब्रेक दाबला की त्या बाजूची पार्किंग लाइट विझल्यासारखी व्हायची आणि इंडिकेटर मात्र न लावता हलका हलका पेटायचा. मी दोन बल्ब बदलले, होल्डर बदलला, आणि शेवटी निघालं काय, तर डिकीच्या कार्पेटमागे बॉडीला आवळलेला अर्थिंगचा (करंट पत्र्यातून परत जातो त्या जोडाचा) एक स्क्रू आणि त्याखाली गंजाचा थर. पॉलिश पेपरने घासला, परत आवळला, विषय संपला. पाच मिनिटांचं काम आणि मी दोन रविवार घालवले होते.

तेव्हापासून एकच सवय लावून घेतलीये, काहीही विकत आणण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: करंट बल्बपर्यंत येतोय का, आणि आलेला करंट परत जातोय का. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, मग स्विच किंवा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग बल्ब, इथपर्यंतचा रस्ता वायरीतून असतो, आणि बल्बपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा परतीचा रस्ता बहुतेक गाडीच्या पत्र्यातून. जाणारा रस्ता सगळे तपासतात, परतीचा कोणी बघत नाही, आणि जुन्या गाड्यांत बरेचसे घोळ तिथेच असतात.

काय काय जवळ लागेल

टेस्ट लॅम्प (एका वायरला क्लिप आणि दुसरीकडे टोक असलेला दिवा), साधा मल्टिमीटर, वायरचा एक तुकडा दोन्ही टोकांना क्लिप लावलेला, पॉलिश पेपर, चांगली टॉर्च, दोन-चार जास्तीचे फ्यूज आणि गाडीचं मॅन्युअल, ज्यात कुठला फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. टेस्ट लॅम्प नसेल तर २१ वॉटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी डाग मारून (सोल्डर करून) घ्या, झाला तयार.

मीटर असताना लॅम्प कशाला, हा प्रश्न पडेल. तर मीटर नगण्य करंट खेचतो. समजा वायर आतून तुटलीये आणि एकच बारीक तार शिल्लक आहे, मीटर लावला तर तो आरामात १२ व्होल्ट दाखवणार आणि तुम्ही म्हणणार पॉवर तर येतेय. पण २१ वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून नीट जातीलच असं नाही, बल्ब मंद लागू शकतो नाहीतर लागणारच नाही. म्हणून "मीटर १२ दाखवतोय तरी बल्ब लागत नाही" असं झालं की कोड्यात पडू नका, लोड लावून, म्हणजे बल्ब जोडून बघा.

फक्त काही ठिकाणी हात आवरायचा. पिवळ्या कव्हरच्या किंवा पिवळ्या कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) वायरी साधारण एअरबॅगच्या असतात, तिथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी जाड केबल म्हणजे हाय व्होल्टेज, त्यांच्या वाट्याला जाऊच नका. झेनॉन हेडलाइट असेल तर पेटताना तिथे हजारो व्होल्ट तयार होतात, लाइट चालू असताना मागचं कव्हर उघडायचं नाही. आणि नव्या गाड्यांत लाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएमकडून चालतात, तिथल्या वायरींना जड बल्बचा लॅम्प लावण्यापेक्षा एलईडीवाला टेस्टर किंवा मीटर बरा.

पहिली पायरी: सगळ्या लाइट लावून यादी करा

ही पायरी लोक गाळतात आणि खरं तर अर्धं निदान इथेच होतं. गाडी भिंतीजवळ किंवा काचेच्या दारासमोर उभी करा म्हणजे उजेड परत दिसतो. एकटे असाल तर ब्रेक पेडल आणि सीट यांच्यात एक काठी अडकवा आणि निवांत मागे जाऊन बघा. पार्किंग, डिप्पर (हेडलाइटचा खालचा झोत), अप्पर (वरचा झोत), फॉग, दोन्ही इंडिकेटर, हॅझर्ड, ब्रेक, रिव्हर्स, नंबर प्लेट, आतली लाइट, डिकीची लाइट, डॅशबोर्डची, सगळ्या बघायच्या आणि कागदावर लिहायच्या. रिव्हर्स बघताना इंजिन बंद, हँडब्रेक वर, नुसतं इग्निशन चालू.

आता यादीकडे बघा की एकत्र काय काय मेलंय. एकच लाइट बंद असेल तर संशय बल्ब, होल्डर आणि तिथली वायर. मागच्या एकाच बाजूच्या सगळ्याच लाइट बंद किंवा वेड्यासारख्या वागतायत तर त्या बाजूचं अर्थिंग किंवा कपलर. दोन्ही बाजूंची तीच लाइट बंद, म्हणजे दोन्ही ब्रेक लाइट किंवा दोन्ही रिव्हर्स, तर फ्यूज, रिले, स्विच, कारण दोन्हीकडच्या वायरी एकदम तुटत नाहीत. सगळ्याच लाइट पिवळट मंद आणि इंजिन रेस केलं की उजळतात, तर लाइट सोडा, बॅटरी, ती चार्ज करणारा अल्टरनेटर आणि बॅटरीची टर्मिनल बघा. गाडी रात्रभर उभी असेल तर चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास हवं. १५ च्या वर जात असेल तर बल्ब सारखे का उडतायत त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

एक फसवी केस सांगून ठेवतो. दोन्ही डिप्पर बंद, अप्पर चालू. वरच्या नियमाने स्विच किंवा रिले वाटेल, पण बरेचदा एक डिप्पर महिन्यापूर्वीच उडालेला असतो, एकावर गाडी चालत राहते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि दुसरा उडाला की आपल्याला वाटतं दोन्ही एकदम गेले. म्हणून हेडलाइटच्या बाबतीत आधी दोन्ही बल्ब काढून बघा.

दुसरी पायरी: बल्ब नीट बघायला शिका

काच काळी किंवा चंदेरी झालीये म्हणजे बल्ब म्हातारा झालाय. आत पांढरट धूर बसलाय तर काचेला तडा जाऊन हवा शिरलीये. फिलामेंट अखंड दिसत असलं तरी टोकाला तुटलेलं असू शकतं, म्हणून मीटर ओहमवर लावून तपासा, थंड २१ वॉट बल्ब एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही.

टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असेल तर त्यात दोन फिलामेंट असतात, २१ आणि ५ वॉट. याच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम कमी-जास्त उंचीवर असतात म्हणजे बल्ब उलटा बसू नये, पण माणूस जोर लावून बसवतोच. मग पार्किंग लावली की ब्रेक लाइटएवढी झगझगते आणि ब्रेक दाबला की फरकच दिसत नाही. कधी एक फिलामेंट तुटून दुसऱ्यावर पडतं, त्याची लक्षणं तर भुतासारखी असतात, ब्रेक दाबला की डॅशबोर्डची लाइट लागते वगैरे. असं काही दिसलं की वायरिंग उसवायच्या आधी तो एक बल्ब काढून ठेवा आणि परत बघा.

होल्डरमध्ये टॉर्च मारा. आतली पट्टी दबून गेलीये का, हिरवट खार आलाय का, प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलंय का. हेडलाइटच्या एच-४ बल्बचा तीन पिनांचा होल्डर हमखास जळतो, विशेषतः कोणी ६०/५५ च्या जागी १००/९० वॉटचा बल्ब टाकला असेल तर. ६० वॉटला ५ अँपिअर लागतात, १०० ला ८ च्या वर, कंपनीची वायर आणि होल्डर त्या हिशोबाने बनवलेलेच नाहीत. आणि हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, चुकून लागलं तर स्पिरिटने पुसून घ्या.

तिसरी पायरी: फ्यूज आणि रिले

फ्यूज उपसून उजेडात धरून बघायची गरज नसते. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, टेस्ट लॅम्पची क्लिप पत्र्याला लावा, लाइटचा स्विच चालू करा आणि दोन्ही ठिपक्यांना टोक लावा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालाय, दोन्हीकडे नाही तर फ्यूजपर्यंतच पॉवर येत नाहीये. रंग लक्षात ठेवा, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. १० च्या जागी २० टाकायचा नाही आणि चांदीचा कागद तर नाहीच नाही, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

नवा टाकल्या टाकल्या उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. इथे फ्यूज संपवत बसू नका, फ्यूजच्या दोन खाचांमध्ये तो २१ वॉटचा बल्ब जोडा आणि त्या सर्किटचे दिवे काढून ठेवा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही म्हणून वायर तापत नाही. मग एकेक कपलर काढत जा, हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा हलवत जा, ज्या क्षणी बल्ब विझला तिथे शॉर्ट. मी एकदा हे केलं तेव्हा बल्ब विझला तो मागची सीट उचलल्यावर, सीटच्या पायाखाली वायर चिमटली गेली होती.

रिलेचं सोपं आहे, शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बहुतेक हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघा. टकटक आवाज येतोय पण लाइट नाही तर रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा ३० नंबरच्या पिनवर पॉवर नाहीये. आवाजच येत नाही तर ८५-८६ ची बाजू, म्हणजे स्विचकडून येणारा हुकूम तपासा.

चौथी पायरी: अर्थिंग, इथे वेळ द्या

बल्ब जागेवर, लाइट चालू. मीटर २० व्होल्टवर, काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला, पुरत नसेल तर लांब वायर जोडून घ्या, आणि लाल टोक बल्बच्या अर्थिंग पिनला. इथे शून्याच्या जवळ यायला हवं. ०.१ चालेल, ०.३ म्हणजे गडबड, आणि एक-दोन व्होल्ट आले तर सापडला चोर. मग तसंच प्लसच्या बाजूला, लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं बल्बच्या प्लस पिनला, इथे अर्धा व्होल्टपर्यंत ठीक म्हणायचं. लाइट बंद ठेवून हे मोजण्यात अर्थ नाही, करंट वाहत असेल तरच दिसतं.

एवढ्याशा व्होल्टने काय होतंय असं वाटेल, पण हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो. एक हेडलाइट पिवळी आणि एक पांढरी दिसते त्यामागे बरेचदा हेच असतं, बल्ब दोन्ही सारखेच असतात.

शॉर्टकट हवा असेल तर क्लिपवाली वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला किंवा स्वच्छ घासलेल्या पत्र्याला आणि दुसरं दिव्याच्या अर्थिंग पिनला. लाइट नीट लागली की बास, अर्थिंगच. पण एक खोच आहे, काही गाड्यांत हेडलाइटला प्लस कायम दिलेला असतो आणि स्विच मायनसच्या बाजूला असतो, तिथे हा प्रयोग म्हणजे स्वतःच स्विच दाबल्यासारखं आहे. आधी टेस्ट लॅम्पने बघून घ्या कुठली पिन काय आहे.

आता एकेक लाइट

इंडिकेटर: मिनिटाला ६० ते १२० वेळा लागणं बरोबर. एका बाजूला फटाफट लागतोय तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा त्याचं कनेक्शन. दोन्ही बाजू बंद पण हॅझर्ड चालू, म्हणजे बल्ब-वायरी ठणठणीत आहेत, फ्यूज किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच बघा. साध्या बल्बच्या जागी एलईडी टाकल्यावर फटाफट लागायला लागला तर तो बिघाड नाही, एलईडी कमी करंट घेते म्हणून गाडीला वाटतं बल्ब उडाला. त्यासाठी लावतात तो रेझिस्टर चांगलाच तापतो, प्लॅस्टिकला किंवा वायरींना चिकटवू नका, पत्र्यावर आवळा.

ब्रेक लाइट: तिन्ही बंद तर फ्यूज, नाहीतर पेडलच्या वरचा स्विच. साधा दोन पिनांचा स्विच असेल तर कपलर काढून दोन पिना वायरने जोडा, लाइट लागली तर स्विच गेला. चार पिनांचा असेल तर असं करू नका. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्कमधून निघतच नसेल तर त्यामागेही बरेचदा हाच स्विच असतो. उलट प्रकार म्हणजे ब्रेक लाइट बंदच होत नाहीत, आणि सकाळी बॅटरी झोपलेली. तेव्हा पायाखालच्या मॅटवर बघा, रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बारीक तुकडे पडलेत का. पेडल जिथे स्विचचं बटण दाबतं तिथे एक छोटं बूच असतं, ते जुनं होऊन चुरा होतं, मग बटण त्या भोकातून आरपार जातं आणि गाडीला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. स्विच बदलून काही होणार नाही, बूच बदला.

रिव्हर्स: मॅन्युअल गाडीत स्विच गिअरबॉक्सवर असतो, तीच वायर जोडायची युक्ती. गाडीखालून पाणी-चिखल लागून याचा कपलर खराब होतो.

नंबर प्लेट, वरची ब्रेक लाइट, मागचा वायपर, काचेचा डीफॉगर, यातलं काहीतरी मधूनच बंद आणि मधूनच चालू होतंय आणि गाडीला मागे वर उघडणारं दार आहे, तर दुसरीकडे कुठे बघूच नका. दार आणि छताच्या मधल्या रबरी नळीतून वायरी जातात, हजारो वेळा वाकून आतल्या आत तुटतात. नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवा, वायर हलक्या हाताने ओढून बघा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते कारण आत तांबं उरलेलंच नसतं, नुसतं कव्हर असतं. एक तुटलेली सापडली की शेजारच्या सगळ्या तपासा, त्यांचीही वेळ जवळ आलेली असते.

हेडलाइट: एलईडीचं बंद युनिट असेल तर कपलरवर प्लस आणि अर्थिंग आहे का एवढंच बघायचं, दोन्ही असेल तर युनिट किंवा त्याला करंट पुरवणारं ड्रायव्हर सर्किट. दिवसा लागणारी डीआरएल इंडिकेटर लावल्यावर मंद होते किंवा विझते, ते मुद्दाम तसं केलेलं असतं, त्याच्या मागे लागू नका. ऑटो हेडलाइट भरदिवसा लागत असतील तर डॅशबोर्डवरच्या छोट्या सेन्सरवर काही ठेवलंय का बघा. काचेत आतून धुकं आलं आणि लाइट लावल्यावर थोड्या वेळात गेलं तर चालतंय, पण तळाला पाणी साचलं असेल तर सील गेलंय, किंवा मागच्या वेळी बल्ब बदलणाऱ्याने (म्हणजे आपणच) मागचं रबरी झाकण नीट लावलं नाही.

डॅशबोर्डच्या लाइट बंद: आधी ब्राइटनेसचं चाक बघा, कोणाच्या तरी हाताने शून्यावर गेलेलं असतं. हसू नका. नंतर पार्किंगचा फ्यूज, कारण बऱ्याच गाड्यांत हे एकाच सर्किटवर असतं.

आतली लाइट आणि उतरणारी बॅटरी

छतावरच्या लाइटला तीन जागा असतात, चालू, बंद आणि दार. दारवर ठेवून एकेक दार उघडा. एकाच दाराने लागत नाही तर त्याचा स्विच. जुन्या गाडीत तो खांबावर रबरी टोपीचा असतो, काढून टोक घासलं की बहुतेक वेळा चालतो. नव्यात तो दाराच्या लॉकमध्येच असतो. दार उघडं ठेवून लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, गाडीला वाटेल दार लागलं, लाइट विझायला हवी (काही गाड्यांत थांबून हळूहळू विझते, घाई करू नका). आणि नंतर हँडल ओढून जीभ परत उघडा, तशीच ठेवून दार आपटलं तर लॉकचा सत्यानाश.

डिकीची लाइट बंद होते का कसं कळणार? मोबाइलवर व्हिडिओ चालू करा, आत ठेवा, डिकी बंद करून एक मिनिट थांबा. ग्लव्ह बॉक्सलाही तेच. पाच वॉटचा एक बल्ब ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे ४५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी साडेचार दिवसांत पार रिकामी, गाडी त्याच्या आधीच सुरू व्हायची थांबते.

व्हिडिओतून काही कळलं नाही तर मीटर १० अँपिअरवर लावून बॅटरीच्या मायनस वायरीत मध्ये जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा-पाऊण तास तिला झोपू द्या. ५० मिलीअँपिअरच्या खाली आलं तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढा, आकडा पडला की ते सर्किट. मीटर जोडलेला असताना गाडी स्टार्ट करू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

बिघाड सापडल्यावर

वायर पिळून टेप गुंडाळलेले जोड ओलाव्यात टिकत नाहीत. डाग मारा किंवा क्रिम्प करा (धातूची नळी दाबून जोडा), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा, आणि दारातल्या नळीत जोड अगदी वाकायच्या जागी येऊ देऊ नका, नवा मऊ तुकडा घालून जोड नळीच्या बाहेर न्या. अर्थिंगचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, आवळल्यावर वरून ग्रीस. मग दार पंधरा-वीस वेळा उघडबंद करा, हार्नेस हलवा, पहिल्या पायरीची यादी परत पूर्ण तपासा आणि त्यानंतरच ट्रिम (आतली प्लॅस्टिकची झाकणं) बसवा. मी एकदा आधी ट्रिम बसवली, सगळ्या क्लिपा टकाटक दाबल्या, आणि मग लक्षात आलं की नंबर प्लेटचा कपलर लावायचाच राहिलाय, परत काढताना दोन क्लिपा तुटल्या त्या अजून तशाच आहेत, खड्ड्यातून गेलं की वाजतात.